पायातली नीला आणि हृदयाची वाट

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची हकीकत सांगताना बहुतेक लेखक हृदयापाशीच रेंगाळतात. थांबवलेले हृदय, त्याचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र आणि केसाइतक्या बारीक दोऱ्याने घातलेले टाके यांचे वर्णन वाचकाला आकर्षक वाटते, आणि ते साहजिकही आहे. परंतु रुग्णाच्या पायातून काढलेली नीला हृदयावर जोडली जाण्यापूर्वी जो काही वेळ शरीराबाहेर काढते, त्या अवधीत ती कोणत्या द्रवात बुडलेली असते, कोणाच्या चिमट्यात धरलेली असते आणि तिच्यात किती जोराने पाणी भरले जाते, यांवर त्या रुग्णाची पुढली दहा-पंधरा वर्षे काही अंशी अवलंबून असतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या ध्यानी यायला बराच काळ जावा लागला. आणि ती ध्यानी आल्यावर तिच्यावर इलाज शोधण्याचा जो उद्योग गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे चालला आहे, तोच मला या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित भाग वाटतो.

ही नीला मनुष्यशरीरातील सर्वांत लांब नीला होय. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापुढून ती वर निघते, पोटरीच्या व मांडीच्या आतल्या अंगाने कातडीखालून चढत जाते आणि जांघेत खोलवरच्या मोठ्या नीलेला मिळते. पायातील रक्त परत नेण्याचा मुख्य भार खोल नीलांवर असल्यामुळे ही वरची नीला काढून घेतली तरी पायाचा व्यवहार अडत नाही. शिवाय ती लांब आहे, सरळ आहे आणि हाताशी आहे. म्हणून शस्त्रवैद्यांची नजर प्रथम तिच्यावर गेली. मात्र तिची जडणघडण संथ आणि कमी दाबाच्या प्रवाहासाठी झालेली असते. रोहिणीत दर ठोक्याला 120 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब उसळतो. आडव्या निजलेल्या माणसाच्या या नीलेत तो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा असतो. तिच्या आत झडपा असतात व त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे हृदयावर जोडताना ती उलटी फिरवून घ्यावी लागते. आणि तिच्या पोकळीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे, डोळ्यांना न दिसणारे आणि बोटांना न जाणवणारे अस्तर असते, ज्याला शास्त्रज्ञ एंडोथेलियम म्हणतात. पुढे जे सांगायचे आहे त्यातील बहुतेक सारे या अस्तराभोवती फिरते.

रक्तवाहिन्या शिवण्याची विद्या फ्रान्समध्ये, लियोन शहरी उदयास आली. 1894 साली त्या शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर मारेकऱ्याने खंजिराचा वार केला, यकृताकडे जाणारी मोठी नीला त्यात कापली गेली, आणि नामांकित शस्त्रवैद्य उशाशी असूनही ती जोडणे कोणाला साधले नाही. त्या वेळी वैद्यकाचे शिक्षण घेत असलेले अलेक्सी कॅरेल या घटनेने अस्वस्थ झाले. कापलेली नळी शिवता येत नाही हे त्यांना मान्य होईना. लियोन हे रेशमाचे आणि भरतकामाचे शहर. तेथल्या एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडे जाऊन त्यांनी अतिशय बारीक सुईने शिवण्याचा हात बसवला आणि 1902 साली दोन रक्तवाहिन्यांची तोंडे एकमेकांस जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत, शिकागो येथे चार्ल्स गथ्री यांच्यासमवेत त्यांनी जनावरांच्या रोहिणीत नीलेचे तुकडे बसवून पाहिले, आणि तेव्हाच त्यांच्या दृष्टीस एक गोष्ट पडली, ती अशी की रोहिणीच्या जागी बसवलेली नीला कालांतराने आपली भिंत जाड करून घेते. 1910 साली तर त्यांनी कुत्र्याच्या महारोहिणीपासून हृदयाच्या रोहिणीपर्यंत मानेतल्या रोहिणीचा तुकडा जोडून पाहिला. ते जनावर दोनच तास जगले. परंतु बायपासची कल्पना त्या दोन तासांत प्रत्यक्ष उतरली होती. 1912 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅरेल यांच्या लेखनातील एका बाबीकडे मला येथे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. रक्तवाहिनी कोरडी पडू देऊ नये, तिचे आतले अंग चिमट्याने चिरडू नये, सुई आणि दोरा व्हॅसलिनने माखून घ्यावा, असे निर्बंध त्यांनी स्वतःवर आणि शिष्यांवर घातले होते. अस्तर काय करते याचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते. तरीही हाताखालच्या वस्तूला जपावे लागते हे त्यांच्या बोटांना कळले होते. पुढे अर्धशतकाने जेव्हा नीलेचा वापर हजारोंच्या संख्येने होऊ लागला, तेव्हा हे निर्बंध गडबडीच्या वहिवाटीत मागे पडले, हे खेदाने नमूद करावे लागते.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. 1948 साली पॅरिसमध्ये ज्याँ क्युनलँ यांनी पायाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालण्यासाठी त्याच पायाची नीला वापरली आणि ती चालली. 1958 च्या ऑक्टोबरात क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे एका तरुण रुग्णाची तपासणी करीत असता नळीचे टोक अनवधानाने हृदयाच्या उजव्या रोहिणीत शिरले आणि तिच्यात रंगद्रव्याचा मोठा लोट गेला. क्षणभर हृदय थांबले, रुग्णास खोकावयास सांगताच पुन्हा चालू झाले, आणि ज्या अपघाताने प्राण जावयाचा तोच हृदयाच्या रोहिण्या पडद्यावर स्पष्ट पाहण्याचा मार्ग ठरला. त्यानंतर नीलेचे कलम हृदयावर बसवण्याचे तुरळक प्रयत्न झाले. 1962 साली डेव्हिड सॅबिस्टन यांनी एक केला, रुग्ण वाचला नाही. 1964 साली ह्यूस्टनमध्ये एडवर्ड गॅरेट यांनी केलेला प्रयोग यशस्वी झाला, परंतु त्याचे वृत्त प्रसिद्ध व्हायला नऊ वर्षे गेली. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी त्याच वर्षी नीलेऐवजी छातीतली रोहिणी वापरली आणि पश्चिमेकडील जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

ज्यांच्या हातून ही शस्त्रक्रिया रिवाजात आली ते रेने फावालोरो अर्जेंटिनाचे. वडील सुतार, आई शिवणकाम करणारी; शिक्षण ला प्लाता शहरात. 1950 पासून बारा वर्षे त्यांनी ला पाम्पा प्रांतातील हासिंतो आराउझ या आडवळणाच्या गावी खेडोपाडीच्या शेतकऱ्यांची वैद्यकी केली आणि 1962 साली, वयाची चाळिशी जवळ आली असता, नव्याने शिकण्यासाठी ते क्लीव्हलंडला आले. दिवसभराचे काम उरकले की सोन्स यांच्या विभागात जाऊन ते रोहिण्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहात बसत. मूत्रपिंडाच्या तुंबलेल्या रोहिण्यांसाठी पायाची नीला त्या रुग्णालयात आधीच वापरात होती; तेव्हा हृदयासाठी ती का वापरू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. 9 मे 1967 रोजी, उजवी रोहिणी संपूर्ण बुजलेल्या एका 51 वर्षांच्या स्त्रीवर त्यांनी तो प्रयोग केला. आरंभी बुजलेला भाग काढून त्या जागी नीलेचा तुकडा बसवीत. पुढे लवकरच महारोहिणीपासून थेट अडथळ्याच्या पलीकडे नीला नेऊन जोडण्याची रीत रूढ झाली. काही वर्षांतच ती रीत देशोदेशी पसरली. भारतात 1975 साली मद्रासमधल्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी ती प्रथम केली, आणि आज महाराष्ट्रात बायपास झालेला आप्त किंवा शेजारी ज्या घराला नाही असे घर शहरांतून तरी विरळाच सापडेल.

आता त्या काळच्या शस्त्रक्रियागृहात हृदयाकडे पाठ करून बाजूच्या टेबलाकडे पाहू. मुख्य शस्त्रवैद्य छाती उघडण्यात गुंतलेले असताना पायाशी एक कनिष्ठ सहकारी घोट्यापासून मांडीपर्यंत चीर घेऊन नीला मोकळी करीत असतो. तिच्याभोवतीची चरबी आणि जाळीदार ऊती खरवडून ती स्वच्छ, पांढरीशुभ्र दिसावी अशी तेव्हाची धारणा. स्वच्छ दिसली म्हणजे काम चांगले झाले. हाताळणीने आणि खेचाखेचीने नीला आकसते, काडीसारखी बारीक होते. मग तिच्या एका टोकाला सिरिंज लावून मिठाचे पाणी जोराने भरले जाते. नीला फुगते, आकस मोडतो, आणि जेथे जेथे छोटी उपशाखा बांधायची राहिली असेल तेथून पाण्याची बारीक धार उडते, ती पाहून तेथे टाका घेतला जातो. पीळ पडू नये म्हणून तिच्या अंगावर शाईच्या पेनाने एक रेघ ओढतात. मग ती वाटीतल्या पाण्यात पडून राहते, हृदयाशी तिची पाळी येईपर्यंत. या सबंध कामात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. गळती पाहिलीच पाहिजे, आकस काढलाच पाहिजे, पीळ टाळलाच पाहिजे. परंतु हाताने दाबलेल्या सिरिंजमधून 300 मिलिमीटर पाऱ्याहून अधिक दाब सहज उत्पन्न होतो, म्हणजे जी भिंत आयुष्यभर दहा-बारा मिलिमीटरच्या दाबात वाढली तिला हृदयाशी जाण्यापूर्वीच रोहिणीच्या दाबाच्या अडीचपट ताण सोसावा लागतो, याचा हिशेब त्या टेबलापाशी कोणी मांडला नव्हता.

कलमे बंद पडू लागली तेव्हा हा हिशेब मांडणे भाग पडले. कॅनडाची राजधानी ओटावा येथील लष्करी रुग्णालयात फिट्झगिबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,388 रुग्णांच्या 5,065 कलमांची पंचवीस वर्षे पुन्हा पुन्हा अँजिओग्राफी करून जे दप्तर तयार केले, ते या विषयातील मोठाच दस्तऐवज होय. त्यांत नीलेच्या कलमांपैकी शस्त्रक्रियेनंतर लवकरच केलेल्या तपासणीत 88 टक्के, वर्षाअखेर 81 टक्के, पाच वर्षांनी 75 टक्के आणि पंधरा वर्षे उलटल्यावर 50 टक्के वाहती आढळली. ऱ्हासाचे तीन टप्पे ओळखले गेले: पहिल्या महिन्यात कलमात रक्त गोठते, पहिल्या वर्षात आतल्या भिंतीतील पेशी अवाजवी वाढून पोकळी अरुंद होते, आणि पुढे त्या जाडावलेल्या भिंतीत मेदाचे थर बसून मूळ रोगच नव्या वाटेवर येऊन ठाकतो. याउलट छातीतल्या भिंतीमागची रोहिणी, जी तिच्या मूळ टोकाला तशीच जोडलेली ठेवून नुसते दुसरे टोक हृदयावर आणतात, ती वर्षानुवर्षे निरोगी राहते, आणि ती वापरलेले रुग्ण अधिक जगतात, हे 1986 साली क्लीव्हलंडच्याच फ्लॉइड लूप यांनी दाखवून दिले. परंतु अशा रोहिण्या दोनच, आणि बहुतेक रुग्णांना कलमे लागतात तीन-चार; त्यामुळे नीलेवाचून गत्यंतर नव्हते.

यातील कोडे उलगडण्याची किल्ली हृदयशस्त्रवैद्यांपैकी कोणाच्या हाती लागली नाही; ती न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे औषधांचा परिणाम अभ्यासणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सापडली. सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या आणि कड्या कापून त्यांच्यावर ते ॲसिटिलकोलीन टाकून पाहात. पट्ट्या नेहमी आकसत. कड्या मात्र सैलावत. एकाच रोहिणीचे दोन तुकडे एकाच द्रव्याला परस्परविरुद्ध उत्तरे देतात याचे कारण शोधता शोधता त्यांच्या ध्यानी आले की पट्टी कापताना तिचे आतले अंग घासले जाते आणि अस्तर निघून जाते. कडीचे अस्तर शाबूत राहते. मग त्यांनी कडीचे अस्तरही मुद्दाम घासून काढले, आणि तीही सैलावेनाशी झाली. 1980 साली झवाड्झकी या सहकाऱ्यासमवेत त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अस्तरातून स्रवणारे आणि भिंतीतल्या स्नायूला सैल होण्याचा हुकूम देणारे ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढील सात-आठ वर्षांत सिद्ध झाले, आणि 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना विभागून मिळाले. हाच वायू रक्तातील बिंबिकांना भिंतीला चिकटू देत नाही. म्हणजे ज्या अस्तराची कोणी दखल घेत नव्हते तेच रक्त गोठू न देण्याचा आणि भिंतीची अवाजवी वाढ रोखण्याचा बंदोबस्त ठेवीत होते. आणि सिरिंजच्या दाबाखाली सर्वांत प्रथम फाटत होते तेही तेच.

तेथून पुढे प्रयोगशाळांतून नीलेची जी झाडाझडती सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. दाब देऊन फुगवलेल्या नीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा अस्तराचे पदर सुटून खालचा थर उघडा पडलेला दिसला, आणि उघड्या जागी बिंबिका चिकटत असल्याचे डुकरांवरील प्रयोगांत जियान्नी अँजेलिनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी दाखवले. वाटीतले मिठाचे पाणीही निर्दोष ठरले नाही. शरीरातील रक्त किंचित अल्कधर्मी असते आणि हे पाणी आम्ल असते, त्यात पोषक द्रव्य काही नसते. बॉस्टन येथे शुक्री खुरी आणि, ज्यांचे आडनाव मराठी वाचकाच्या कानाला घरचे वाटेल, ते हेमंत थत्ते यांनी एका विशेष सूक्ष्मदर्शकाने जिवंत नीलेचे अस्तर तपासले आणि 2003 साली प्रसिद्ध केले की नेहमीच्या द्रवांत, इतकेच काय रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातही, अस्तराच्या पेशी झपाट्याने मरतात. ग्लुटाथायोन, जीवनसत्त्व क आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल घातलेला त्यांचा द्रव मात्र त्यांना चोवीस तासांपर्यंत जिवंत ठेवतो. पीळ टाळण्यासाठी ओढलेली शाईची रेघसुद्धा नीलेच्या स्नायूला इजा करते, असे टेनेसीतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवले. एवढीशी रेघ! ती ओढणाऱ्या हजारो हातांपैकी एकालाही तिचा संशय आला नव्हता.

या काळातील एक मोठा अपेक्षाभंग नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. भिंतीतल्या पेशींची वाढ करणाऱ्या जनुकांनाच आवर घालावा, अशी तजवीज अमेरिकेत करण्यात आली. नीला काढल्यावर एडिफोलिजाइड नावाच्या औषधात ठरावीक दाबाखाली बुडवून मग हृदयावर बसवायची. 3,014 रुग्णांवर केलेल्या या भव्य चाचणीचा निकाल 2005 साली जाहीर झाला आणि औषध घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही गटांत वर्ष-दीड वर्षाने जवळजवळ 45 टक्के रुग्णांचे किमान एक कलम बिघडलेले आढळले. औषध निष्प्रभ ठरले, तथापि त्या चाचणीचे दप्तर निरुपयोगी ठरले नाही. पुढे तेच पुन्हा चाळले असता असे दिसून आले की ज्या नीला आम्लता नियंत्रित केलेल्या क्षारद्रवात ठेवल्या होत्या त्यांची कलमे साध्या मिठाच्या पाण्यात किंवा रक्तात ठेवलेल्यांपेक्षा कमी बिघडली. ज्या महागड्या रेणूवर सारी भिस्त होती त्याने काही केले नाही, आणि ज्या वाटीकडे कोणी पाहिले नव्हते तिने थोडेफार केले, हे मला त्या चाचणीचे खरे फलित वाटते.

दरम्यान स्वीडनमध्ये, एरेब्रू या मध्यम आकाराच्या शहरात, दोमिंगोस सौझा हे मूळचे ब्राझीलचे शस्त्रवैद्य अगदी निराळ्या दिशेने विचार करीत होते. अस्तराला इजा पोहोचते ती फुगवल्यामुळे. फुगवावे लागते ते आकस मोडण्यासाठी. आणि आकस येतो तो नीलेला ओरबाडल्यामुळे. तर मग तिला स्पर्शच न करता काढता येईल काय? त्यांनी नीला तिच्या भोवतालच्या चरबीच्या वेष्टणासकट, सर्व बाजूंनी सुमारे अर्धा सेंटिमीटर ऊती राखून काढावयास आरंभ केला. चिमटा लागला तर चरबीला लागतो. नीलेला आकस येत नाही, म्हणून सिरिंजचा दाब द्यावा लागत नाही. हृदयाकडील रक्ताचाच दाब तिला हळूहळू उलगडतो. 1996 साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. लंडनचे मायकेल डॅशवूड यांनी त्या नीला सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. नीलेच्या भिंतीला स्वतःचे पोषण करणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्या बाहेरच्या थरात असतात, आणि जुन्या रीतीत स्वच्छतेच्या नावाखाली आपण त्याच खरवडून टाकत होतो. शिवाय भोवतालच्या चरबीतही नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. पांढरीशुभ्र नीला चांगली या समजुतीवर दोन-तीन पिढ्यांचे शिक्षण उभे होते. ती समजूतच मुळात घातक होती.

सौझा यांनी 156 रुग्ण तीन गटांत विभागून तुलना केली. साडेआठ वर्षांनी, पुन्हा तपासणीस आलेल्या रुग्णांत, जुन्या रीतीने काढलेल्या नीलांची 76 टक्के कलमे वाहती होती, वेष्टणासकट काढलेल्यांची 90 टक्के, म्हणजे छातीतल्या रोहिणीच्या बरोबरीची. सोळा वर्षांनी हेच आकडे 64 आणि 83 होते. तपासलेले रुग्ण थोडे होते आणि रुग्णालय एकच होते, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता. तरीही 2018 च्या युरोपीय मार्गदर्शक नियमांनी उघड्या चिरेतून नीला काढताना या रीतीचा विचार करावा असे सांगितले; आणि 2021 साली चीनमधील सात रुग्णालयांत 2,655 रुग्णांवर केलेल्या चाचणीत वर्षाअखेर बुजलेल्या कलमांचे प्रमाण जुन्या रीतीत 6.5 टक्के आणि नव्या रीतीत 3.7 टक्के आढळले, तेव्हा वादाचा निकाल लागला असे अनेकांना वाटले.

निकाल लागला नव्हता. ज्या स्वीडनमध्ये ही रीत जन्मली तेथेच, नऊशेहून अधिक रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा अहवाल 2024 साली रुजू झाला. दोन वर्षांच्या मुदतीनंतर नव्या रीतीची कलमे काहीशी कमी बिघडली होती, परंतु फरक इतका मोठा नव्हता की तो निव्वळ योगायोग नाही असे खात्रीने म्हणता यावे; आणि पायाच्या जखमा मात्र नव्या रीतीत स्पष्टपणे अधिक चिघळल्या होत्या. हे अपेक्षितच होते. नीलेभोवती जेवढी चरबी राखायची तेवढी पायातून कमी व्हायची, आणि तेवढी पोकळी मागे राहायची. बायपास झालेल्या माणसाच्या समाचाराला गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे की छातीचे दुखणे लवकर निवते आणि पाय पुष्कळ दिवस ठणकत राहतो. कित्येक मधुमेही रुग्णांची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणूनच नव्वदीच्या दशकात बारीक छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्याने नीला ओढून काढण्याची रीत निघाली होती, आणि तिने पायाचे हाल खरोखरच कमी केले; परंतु त्या ओढाताणीत नीलेची किती हानी होते यावर वर्षानुवर्षे वाद झडला, आणि 2019 साली निष्णात हातांनी घेतलेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत रुग्णांच्या जीविताला तोटा दिसला नाही तेव्हा कोठे तो काहीसा शमला.

आज नीला काढणाऱ्याने तिला जोराने फुगवू नये, कोरडी पडू देऊ नये, नुसत्या मिठाच्या पाण्यात फार वेळ ठेवू नये, एवढ्यावर बहुतेक जाणकारांचे एकमत आहे. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या सिरिंजही निघाल्या आहेत. वेष्टण राखावे की पायाची जखम वाचवावी, हा प्रश्न मात्र रुग्णागणिक निराळा सोडवावा लागतो: ज्याचा मधुमेह अनावर आहे, ज्याचे पाय सुजलेले आहेत, त्याला एक उत्तर, आणि ज्याची कातडी निरोगी असून पुढे वीस वर्षे जगण्याची आशा आहे, त्याला दुसरे. तो निर्णय घेण्यासाठी पायापाशी अनुभवी माणूस उभा असावा लागतो, आणि अनेक रुग्णालयांत त्या जागी अजूनही सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याचीच नेमणूक होते.